आक्कांच्या फ्रीजची पत्ती

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं इथे होतात तेव्हा एका दुपारी आजोबांच्या हत्यारांचा खण उघडून बसला होतात. त्यात तुम्हाला पोलादी पात्यांचा एक जुडगा सापडला, पंख्यासारखा उघडणारा. प्रत्येक पातं आधीच्याहून जरा जाड, आणि प्रत्येकावर आकडा कोरलेला. दोन भागांमधली फट किती आहे हे मोजायचं ते साधन. कारखान्यात त्याला फिलर गेज म्हणतात. "आजी, यातलं एक पातं अर्धंच कसं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी सांगायला बसणार इतक्यात दूध उतू गेलं. नंतर तुमच्या बॅगा भरायच्या होत्या. राहूनच गेलं.

आता लिहून पाठवते. क्रमाने लिहिते, म्हणजे मधूनच फोन करून "पण आधी काय झालं?" असं विचारावं लागणार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तुमची आई तेव्हा शाळेत जात होती, मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि तुमच्या आजोबांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचं मशीन आणि सगळीकडे काळं तेल. शेतावरच्या पंपांचे भाग तिथे तयार होत, मुख्य म्हणजे फूटव्हॉल्व्ह. विहिरीत किंवा नदीत पाइपाचं जे टोक सोडतात त्याला ही झडप असते. पाणी वर जाऊ देते, खाली परत येऊ देत नाही. आजोबांचे व्हॉल्व्ह शिरोळपर्यंत जात. जाड पितळ, जाड झडप. ऊसवाले शेतकरी म्हणत, "मालकांचा माल दणकट." या एका शब्दावर आजोबा दिवसभर खूश असत.

दणकट हे त्यांचं सगळ्यात आवडतं विशेषण होतं. आमच्या घरात लटपटणारी वस्तू सापडायची नाही. तुमच्या आईच्या पाळण्यासाठी त्यांनी तुळईला जो हूक ठोकला होता तो तुम्ही पाहिला आहे. त्याला बैल टांगता आला असता. माझी कपडे वाळत घालायची तार ही खरं तर क्रेनची तार होती. ती इतकी जाड की तिच्यावर चिमटा बसायचा नाही. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी मला मोठे चिमटे करून आणून दिले.

त्याच सुमारास फ्रीज दुरुस्त करणारे मेकॅनिक त्यांच्याकडे येऊ लागले. फ्रीजच्या मागे खाली जो काळा गोल हंडा असतो तो कॉम्प्रेसर. तो कंपनीतूनच चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद केलेला येतो. आत बिघडला तर नवा बसवायचा, अशी कंपनीची रीत. कोल्हापूरला ती रीत मान्य नव्हती. लेथवर धरून तो हंडा नारळासारखा कापायचा, आतलं दुरुस्त करायचं, पुन्हा वेल्डिंगने जोडायचा. आजोबांचा हात या कामात लवकरच बसला.

आता आक्कांविषयी. आजोबांची थोरली बहीण, म्हणजे तुमच्या आईची आत्या. तुम्ही त्यांना फोटोत पाहिलं आहे, नऊवारीतल्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. यजमान गेल्यावर त्या कसबा बावड्यात आपल्या घरी एकट्याच राहत. मूलबाळ नव्हतं. चार म्हशींच्या दोन झाल्या, मग एक राहिली. गुडघे दुखायला लागले होते. आजोबांच्या मनात होतं की आक्कांनी आता आमच्याकडे, मंगळवार पेठेत, यावं. त्यांनी माडीवरची एक खोली रिकामी करून घेतली, रंग दिला, स्वतः खाट केली. आक्का एकदा येऊन खोली बघून गेल्या. खाटेवर बसल्या, उठल्या.

"खोली झ्याक हाय," म्हणाल्या. "पर मी माज्या घरात ऱ्हातो." (आपल्याकडे बायकाही असंच बोलतात, हे व्याकरण तुमच्या परीक्षेत लिहू नका.)

"आक्के, एकटीनं म्हशीचं कसं व्हायचं?" आजोबा म्हणाले.

"म्हशींचा धंदा न्हाय करत आता. श्रीखंड करतो."

आक्कांचं श्रीखंड गल्लीत प्रसिद्ध होतं. त्यांचं म्हणणं असं की घरच्या एका म्हशीचं दूध, थोडं शेजारचं, त्याचा चक्का करून सणाला आणि लग्नाला श्रीखंड द्यायचं. हात अजून चालत होते. फक्त चक्का गार ठेवायला फ्रीज हवा. आमच्याकडे नवा फ्रीज आला होता, जुना पडून होता. तो देण्याचं ठरलं, आणि भावाबहिणीत एक करारही झाला. उन्हाळाभर बघायचं. श्रीखंडाचं जमलं तर आक्का बावड्यात राहणार. "न्हाय जमलं तर गुमान तुज्या माडीवर येऊन बसतो," असं त्या स्वतःच म्हणाल्या. त्यांचं तोंड कितीही तिखट असलं तरी शब्द पक्का होता. आपलं घर राहणार की जाणार हे त्यांनी त्या जुन्या फ्रीजवर लावलं होतं, आणि हे आम्हा सर्वांना माहीत होतं.

फ्रीज टेम्पोत आडवा टाकून, दोऱ्यांनी बांधून बावड्याला गेला. पोचल्या पोचल्या उभा केला आणि लगेच सुरू केला. तिसऱ्या दिवशी निरोप आला की मशीन चालतंय पण गार होत नाही.

आजोबांनी हंडा कापला आणि त्यांना दोष सापडला. तो सांगायचा तर आत काय चालतं ते थोडं सांगायला हवं. कॉम्प्रेसरच्या आत एक पिस्टन पुढेमागे धावतो. मागे जाताना तो फ्रीज थंड करून आलेला गॅस आत ओढतो, पुढे येताना दाबून पलीकडे ढकलतो. या दोन वाटांवर दोन पातळ पोलादी पत्त्या असतात, बोटाच्या नखाहून थोड्या मोठ्या. याच त्याच्या झडपा. त्यांना उघडायला हात नाही, दांडा नाही. गॅसने ढकललं की वाकतात, दाब संपला की आपल्या जागी बसतात. हे एका सेकंदात जवळजवळ पन्नास वेळा चालतं. आक्कांच्या फ्रीजमधल्या आत घेणाऱ्या पत्तीचं टोक तुटलं होतं. त्यामुळे पिस्टन दाबायला गेला की गॅस आल्या वाटेने परत जायचा. मशीन चालत होतं, गॅस तिथल्या तिथे हेलपाटे घालत होता.

आजोबांनी तुटकी पत्ती मला घरी आणून दाखवली. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीपेक्षा फार जाड नसेल.

"ही बघ. कागद लावलाय कागद!" ते म्हणाले. "आक्कीच्या फ्रीजला असला माल? मी करतो आता."

आणि त्यांनी केली. स्प्रिंगच्या पोलादाची चांगली पट्टी आणली, मूळ पत्तीच्या दुप्पट जाड. त्यातून दोन्ही पत्त्या कापल्या, कडा घासल्या, बसायची जागा काचेवर बारीक पेस्टने घासून आरशासारखी केली. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी मूळ मापाचीच पत्ती शोधली असती असं मला वाटतं. पण हे बहिणीचं काम होतं. पुन्हा कधी तुटता कामा नये.

हंडा जोडण्याआधी त्यांनी परीक्षाही घेतली. बाहेर जाणाऱ्या नळीला दाबाचं घड्याळ लावलं आणि मशीन चालवलं. काटा चढला, हवा तितका चढला. मशीन बंद केलं. काटा जागचा हलला नाही. पत्ती गळत असती तर काटा खाली आला असता. आजोबांनी चहा पिऊन येऊन पुन्हा पाहिलं. काटा तिथेच. "पत्ती बसली की अशी बसली पाहिजे," असं ते त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले.

फ्रीज बावड्याला परत गेला. आठवड्याने आम्ही तिघं आक्कांकडे गेलो. साखर कारखान्याचा हंगाम संपला होता, चिमणी थंड होती, रस्त्यावर उसाच्या गाड्या नव्हत्या. त्या शांततेत दारातूनच फ्रीजची घरघर ऐकू येत होती. आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या.

"आलासा व्हय पावणं?" त्या आजोबांना म्हणाल्या. "या. बसा. पाणी घ्या. गरम हाय, फ्रीजातलंच हाय."

त्या धाकट्या भावाला नेहमी 'धाकट्या' म्हणत आणि अरेतुरे करत. पावणं आपल्याकडे परक्याला म्हणतात. आजोबांचं तोंड उतरलं.

"आक्के, टोमणं नंतर मार. काय व्हतंय ते सांग."

"काय व्हतंय? काय व्हईतच न्हाय की! दिसभर घुर्र घुर्र. जेवून झोपल्याल्या जावयागत घोरतंय नुसतं. वैनी, तुमीच बघा हात लावून."

मी हात लावला. फ्रीजच्या आत गारवा होता, पण माठाइतका. मागचा काळा हंडा मात्र इतका तापला होता की हात ठेववत नव्हता.

"व्होल्टेज कमी असंल," आजोबा म्हणाले.

"शेजारनीचा फ्रीज बरफ करतोय. तिला काय तारंतनं निराळी वीज येती?"

त्यांनी चक्क्याचं भांडं काढून दाखवलं. आंबट वास आला. तो चक्का आक्का कुणाला देणार नव्हत्या. त्याची कढी करून त्यांनी स्वतः दोन दिवस खाल्ली होती. पण अक्षयतृतीयेला शेजारच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवातलं सगळं श्रीखंड करायचं आक्कांनी कबूल केलं होतं. त्यांचं पहिलं मोठं काम. पंगतीत आंबलेलं श्रीखंड वाढलं गेलं असतं तर बावड्यात पुन्हा कुणी त्यांच्याकडे वाटीभरही मागितलं नसतं.

आम्ही निघताना आक्का आजोबांकडे न बघता म्हणाल्या, "एक इचारू का? मला माडीवर न्यायाचं म्हणून तर हे असं केलं न्हाईस न्हवं?"

त्या हसत होत्या. पण पुरत्या हसत नव्हत्या. तुमची आई माझा पदर धरून उभी होती, तिलाही ते कळलं. आजोबांनी चपला घातल्या आणि स्कूटर सुरू केली. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत, आणि आमच्या घरात त्यांच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढचे काही दिवस असे गेले. त्यांनी व्होल्टेज मोजलं, बरं निघालं. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, घट्ट निघाला. मेकॅनिकला नेऊन गॅस पुन्हा भरवला. फरक नाही. शेवटी कॉम्प्रेसर काढून कारखान्यात आणला आणि हंडा परत कापला. खरं तर तक्रार पहिल्यासारखीच होती, मशीन चालतं आणि गारवा नाही, म्हणून त्यांनी पुन्हा गळतीच शोधली. पत्त्या उचलून पाहिल्या. खालची जागा पुन्हा घासली. दाबाचं घड्याळ पुन्हा लावलं. काटा चढला आणि खिळ्याने ठोकल्यासारखा राहिला.

"कुठंच गळत न्हाय," ते मला म्हणाले. "सुईच्या टोकाइतकं न्हाय. मग जातंय कुठं?"

मी काय सांगणार? मी शेक्सपिअरवाली बाई. पण एक गोष्ट मला रोज सकाळी छळत होती, आणि ती बोलून दाखवायला तो रविवार बरा सापडला.

आपल्या न्हाणीघरात तेव्हा दोन नळ होते. एक जुना, सरकारी, सारखा ठिबकणारा. दुसरा आजोबांनी स्वतः घडवलेला, पितळी, आत जाड झडप बसवलेला. नळाचं पाणी सकाळी थोडा वेळच यायचं. त्या सकाळी मी दोन्ही नळांखाली एकेक बादली लावली होती. जुन्या नळाची भरून वाहू लागली तरी नव्या नळाची अर्धीच होती. आजोबा दात घासत शेजारी उभे होते.

"तुमचा नळ थेंबभर गळत नाही, हे कबूल," मी म्हणाले. "पण अहो, बंद असताना तो किती शहाणा आहे याचं मी काय करू? मला उघडल्यावर पाणी हवं आहे."

आजोबांनी ब्रश तोंडातून काढला. दोन्ही बादल्यांकडे पाहिलं. मग जुन्या नळाकडे, मग आपल्या नळाकडे. मला वाटलं आता भांडण होणार.

"पत्र्याच्या डब्यात ती जुनी तुटकी पत्ती ठेवलीयस ना तू?" त्यांनी विचारलं.

ठेवली होती. कपाटात, चिठ्ठी लावून. मी काही टाकत नाही.

"घे ती. आन तुझं ते इंग्रजी पुस्तक घे. चल."

ते पुस्तक माझं नव्हतं. शीतयंत्रांवरचं ते जाडजूड पुस्तक एका मेकॅनिकने त्यांना आणून दिलं होतं. इंग्रजी होतं म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. आम्ही अधूनमधून त्यातलं पान-दोन पानं वाचत असू. मी मराठीत सांगायची आणि ते मध्येच "हे चूक लिहिलंय" म्हणायचे.

रविवार असल्याने उद्यमनगर सुनं होतं. आजोबांनी शेजारच्या शेडमधून त्याच जातीचा एक चांगला कॉम्प्रेसर मागून आणला. आधी तो, मग आक्कांचा, असं करून प्रत्येकाने एकच रिकामी टाकी हवेने भरायची, टाकीवरचा काटा एका ठरावीक खुणेपर्यंत न्यायचा आणि मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघायचं, असं ठरलं. तोवर त्यांनी जी परीक्षा घेतली होती ती फक्त धरून ठेवण्याची होती. किती देतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

चांगल्याने टाकी भरली. मग आक्कांचा लावला. काटा निघाला, रेंगाळला, पुन्हा थोडा निघाला. आजोबा त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. काटा खुणेपर्यंत आला खरा, पण तोवर माझा घड्याळाचा हात दोनदा अवघडला होता आणि हंडा चटके देण्याइतका तापला होता. दुप्पटीहून किती तरी जास्त वेळ लागला.

मग मी पुस्तकातला झडपांचा भाग शोधला आणि उभ्या उभ्या वाचून सांगितला. पत्ती ताठ असेल तर गॅसला ती उघडायला जास्त जोर करावा लागतो. ती उशिरा उघडते आणि पुरती उघडत नाही. पिस्टन मागे जाऊन परत यायला निघतो तरी आत भरायला हवा होता तितका गॅस आलेला नसतो. बाहेरची पत्तीही तशीच हट्टी असेल तर गॅस उगाच जास्त दाबला जातो आणि ती सगळी मेहनत उष्णता होऊन हंड्यात साठते. पुढे एक वाक्य होतं ते मी दोनदा वाचलं. जाडी दुप्पट केली तर पत्ती वाकवायला लागणारा जोर दुप्पट होत नाही, आठपट होतो.

"आठपट?" आजोबा म्हणाले.

"आठपट."

ते बाकावर बसले. आपली पत्ती त्यांनी हातात घेतली आणि अंगठ्याने वाकवून पाहिली. मग जुनी, तुटकी वाकवून पाहिली. ती उरलेल्या भागातही किती सहज लवत होती.

"पाण्याच्या झडपेला चालतं," ते म्हणाले. "पाण्याला वजन असतंय. पाणी ढकलतंय. ह्या गॅसनं बिचाऱ्यानं किती ढकलायचं?" आणि थोड्या वेळाने, "मी आक्कीच्या घराला किल्ल्याचा दरवाजा लावला गं. उघडायचा कुणी?"

"पण मग पहिली का तुटली?" मी विचारलं. "ती तर योग्य मापाची होती."

हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. फ्रीज टेम्पोत आडवा नेला तेव्हा हंड्यातलं तेल वाहत पिस्टनच्या वाटेवर आलं असणार. पोचल्या पोचल्या सुरू केल्यावर पिस्टनसमोर गॅसऐवजी तेल आलं. तेल दाबलं जात नाही. पत्तीवर घाव बसला आणि टोक उडालं. म्हणजे पत्ती कमजोर नव्हती, आम्ही तिला अडाण्यासारखं नेलं होतं.

आता पातळ पट्टी हवी होती, जुन्या पत्तीच्या नेमक्या जाडीची, चांगल्या पोलादाची. बाजार बंद होता, आणि उघडा असता तरी तसलं पोलाद मुंबईहून मागवावं लागे. लग्न पुढच्या आठवड्यात होतं. चक्का त्याआधी बांधायला हवा.

आजोबांनी जुन्या पत्तीची जाडी मायक्रोमीटरने मोजली. मग कप्प्यातून फिलर गेज काढला. शिकाऊ असताना पहिल्या कमाईतून घेतलेला. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. तुमच्या आईने लहानपणी एकदा त्याने शेंगदाणे सोलले तर घरात दोन दिवस मुकाट्याने जेवणं झाली होती. त्यांनी पाती एकेक करून पंख्यासारखी उघडली आणि आकडा जुळला तिथे थांबले.

"अहो, तो कापणार?" मी म्हणाले.

"पातं चांगल्या पोलादाचं हाय. मापाचं हाय. आनखी काय पायजे?"

आणि कापलं. अर्धं पातं गेलं, दोन पत्त्या झाल्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते त्या दोन चिमुकल्या तुकड्यांच्या कडा तेलाच्या दगडावर घासत बसले होते, कारण कडेला बारीकसा जरी चरा राहिला तरी पत्ती तिथून चिरते. शेतावरच्या पंपाचं पितळ ठोकणाऱ्या माणसाची ती बोटं. मी समोर बसून वह्या तपासत होते. मध्येच त्यांनी एक पत्ती ओठांजवळ धरून फुंकर मारली. ती लवली, परत आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

हंडा जोडण्याआधी टाकीची परीक्षा पुन्हा झाली. काटा यावेळी रेंगाळला नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने येऊन हंडा फ्रीजला जोडला, गॅस भरला आणि फ्रीज बावड्याला निघाला. या खेपेला उभा. आजोबा टेम्पोत त्याच्या शेजारी उभे राहून, त्याला एका हाताने कवटाळून गेले. मी आणि तुमची आई मागून रिक्षाने. रस्त्यात ओळखीच्या एका माणसाने ओरडून विचारलं, "काय मालक, नवरदेव घिऊन निघालासा काय?"

आक्का उंबऱ्यातच होत्या. "या पावणं," म्हणाल्या. आजोबांनी फ्रीज जागेवर ठेवला, पायांखाली पाचर घालून सरळ केला, आणि बटण दाबलं नाही.

"आता का थांबलाईस? मुहूर्त हाय का?"

"तेल खाली बसू दे, आक्के. दमानं."

तेल खाली बसेपर्यंत आम्ही चहा घेतला, भाकरी खाल्ली. आक्कांनी तुमच्या आईला म्हशीला पेंड घालायला लावली. मग आजोबांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आवाज पहिल्यापेक्षा हलका होता असं मला वाटलं, पण ते माझं मनही असेल. आक्कांनी पाण्याचा तांब्या आणि चक्क्याचं एक लहान भांडं आत ठेवलं आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसलो. ऊन दारातून सरकत चुलीपर्यंत आलं.

मग एकदम टक् झालं आणि घरघर थांबली.

आक्का ताडकन उठल्या. "मेला का रं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एका क्षणात गेलं. मला वाटतं त्यांना त्या क्षणी माडीवरची ती खोली आणि ती खाट दिसली असणार. या घरात आल्यापासून तो फ्रीज कधीच आपणहून थांबला नव्हता. फ्रीज थांबतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

"न्हाय आक्के," आजोबा म्हणाले. "गार झालं. पुरेसं गार झालं की थांबतंय त्ये. पयल्यांदाच थांबलंय."

आक्कांनी दार उघडलं. तांब्याला बाहेरून दंव आलं होतं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, मग ओतून आधी तुमच्या आईला पाणी दिलं, मग मला.

"पर वैनी, पत्ती बदलली म्हंजे काय क्येलं त्यानं?" त्यांनी मला विचारलं.

"पातळ केली," मी म्हणाले. "आधी जाड केली होती. तुमच्यासाठी म्हणून."

आक्का भावाकडे बघत राहिल्या. मग फुलपात्र भरून त्यांच्यापुढे धरलं.

"घे धाकट्या," त्या म्हणाल्या. "दात दुखत्याल, दमानं पी."

लग्नात श्रीखंड पंगतीत तिसऱ्यांदा वाढलं गेलं. पुढे गेलेल्या वाढप्याला परत बोलावणारे हात मी स्वतः पाहिले. पुढच्या सणाला आक्कांकडे आधी सांगून ठेवावं लागू लागलं, आणि पुढे दोन हजार सालानंतरही, गुडघ्यांनी पुरतं असहकार पुकारल्यावर, त्या पाटावर बसून चक्का फेटत आणि समोरच्या मुलींवर ओरडत. फ्रीज मध्ये एकदा रंगवला. पत्ती तीच राहिली. आजोबांनी त्यानंतर कारखान्यात एक टाकी कायमची ठेवली, आणि कॉम्प्रेसर कितीही घट्ट धरून ठेवत असला तरी टाकी भरून दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. न्हाणीघरातला नळ मात्र बदलला नाही. मीच बादली जुन्या नळाखाली लावते.

माडीवरची खोली पंधरा-सोळा वर्षं तशीच राहिली. आजोबा दर दिवाळीला तिला रंग द्यायचे. कशासाठी, असं मी विचारलं नाही. आक्का सणावारी येत, जिन्याखाली उभ्या राहून वर बघत, "झ्याक हाय," म्हणत, आणि संध्याकाळी आपल्या घरी जात.

तुम्ही येता तेव्हा तीच खोली तुमची असते. त्या खाटेचा जो पाय तुम्ही दोघांनी उड्या मारून मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, तो मोडणार नाही. ती आजोबांनी आक्कांसाठी केली होती.